माझा ताप, तनूची दाढ

तुमच्या मांडीवर आत्ता मूल असेल, हातात नवी कोरी फाईल असेल आणि डॉक्टरांनी सांगितलेलं निम्मं डोक्यावरून गेलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झाले आणि लग्न करून नाशिकजवळ, मखमलाबादकडच्या एका द्राक्षबागायतदार घरात आले. माझी मुलगी तनू आता सात वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. ती चालत नाही, पण पायाला स्प्लिंट बांधून टेबलाला धरून उभी राहते. मोजकेच शब्द बोलते. त्यातला सगळ्यात स्पष्ट शब्द ‘नाय’ हा आहे आणि तो तिनं माझ्याकडून उचलला, असं घरातल्यांचं म्हणणं.

औषधांची नावं मी लिहिणार नाही. ती प्रत्येक मुलाची वेगळी असतात आणि ती सांगायला गावात माणसं कमी नाहीत. मला सांगायचं आहे ते एका प्रश्नाबद्दल. तनू काचेच्या पेटीत होती तेव्हापासून तो आमच्या घरात मुक्कामाला होता. हे कोणामुळे झालं? या एका प्रश्नापायी माझी आई आणि माझ्या सासूबाई कित्येक वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि माझ्या आईला तिची नात चोरून बघावी लागली.

सिन्नरचा ताप

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. सासूबाईंना आम्ही सगळे माई म्हणतो. माईंनी माझं डोहाळजेवण हौसेनं केलं, फुलांची वाडी भरली, आणि मग आई मला सिन्नरला घेऊन गेली.

तिथं गेल्यावर काही दिवसांनी मला ताप आला. फार नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आई कपाळावर घड्या ठेवत बसली, ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. मग एका दुपारी, दिवस भरायला बराच अवकाश असताना, पाणी गेलं. सिन्नरहून नाशिकला येईपर्यंत आईनं माझा हात सोडला नाही. तनू झाली ती एवढीशी, रडली की नाही तेही मला आठवत नाही. तिला लगेच पेटीत ठेवलं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माई आल्या. त्यांनी आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्या आईकडे.

"धडधाकट पोर दिली हुती तुमच्याकडं," त्या म्हणाल्या.

आईनं मान खाली घातली. ती काहीच बोलली नाही, आणि न बोलणं म्हणजे कबुली असं माईंनी धरून टाकलं. त्यानंतर आई आमच्या घराची पायरी चढली नाही. तनूला दवाखान्यात न्यायचं असलं की मी सिन्नरला फोन करायचे आणि आई एसटीनं येऊन दवाखान्याच्या बाकावर नातीला मांडीवर घ्यायची. माझा नवरा, संदीप, हे सगळं बघायचा आणि गाडी लावायला जागा शोधतो म्हणून बाहेर निघून जायचा. त्याला दोन्हीकडून बोलणी नको असायची. मला त्याचा राग यायचा.

फाईल हातात आली तो दिवस

तनू वर्षाची होत आली तरी मान नीट धरत नव्हती. काखेत हात घालून उचललं की तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. "हट्टी हाय, पाय टेकवत नाय," असं माई कौतुकानं म्हणायच्या. मलाही तेच मानायचं होतं. शेवटी बालरोगतज्ज्ञांनीच आम्हाला मेंदूच्या डॉक्टर मॅडमकडे पाठवलं, एमआरआय झाला आणि आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसलो.

त्या दिवसाचं मला आठवतं ते असं: टेबलावर प्लास्टिकचा मेंदू होता आणि तनू त्याकडे बघून हसत होती. मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं. हा वाढत जाणारा आजार नाही, मेंदूला जी इजा झाली ती एकदाच झाली, असंही सांगितलं. माझ्या कानात नुसता पंख्याचा आवाज येत होता. मला उठून पळून जावंसं वाटलं, आणि तनू मांडीवर होती म्हणून मी बसून राहिले.

संदीपनं विचारलं, "पण झालं कशानं?"

"बहुतेक इन्फ्लमेशनमुळे," मॅडम म्हणाल्या. "गर्भाशयात कधीकधी जंतुसंसर्ग होतो. मग आईचं शरीर त्याच्याशी लढतं, बाळाचंही लढायला लागतं. त्या लढाईत सूज येते, दाह होतो. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूचा काही भाग फार कोवळा असतो. त्याला तो दाह सोसत नाही."

संदीप म्हणाला, "म्हणजे भुरी मारायला फवारणी केली आणि डोस जास्त झाला. भुरी गेली, पण पानं करपली. तसं?"

मॅडमना भुरी म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. नाशिकच्या डॉक्टरांना द्राक्षावरचे रोग पेशंटच शिकवतात. "बरंचसं तसंच," त्या म्हणाल्या. "फक्त इथं डोस कोणी हातानं टाकलेला नसतो."

मग मी माझा प्रश्न विचारला. "माझ्या तापामुळे झालं का?"

"ताप हे कारण नाही, ती खूण आहे. संसर्ग सासरी सुरू झाला की माहेरी, हे कोणालाच सांगता येणार नाही. खूपदा आईला पत्ताही लागत नाही. आणि हेच एक कारण असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लवकर जन्म, संसर्ग, सूज, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं."

घरी आल्यावर मी माईंना हे जमेल तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी तापानंच ना?"

मी पुन्हा सांगायला गेले. तोवर त्या गोठ्याकडे गेल्या होत्या. मी चुलीपाशी बसून रडले. मला स्वतःला तरी मॅडमचं कुठं पुरतं पटलं होतं? तनू झोपली की मी सिन्नरचे ते दिवस आठवत बसायचे. त्या दिवशी दवाखाना बदलला असता तर, आधीच नाशिकला आले असते तर. या ‘तर’ला अंत नसतो. तुम्हीही आत्ता तेच करत असाल, म्हणून सांगते.

मणी

व्यायाम सुरू झाला. फिजिओथेरपीच्या प्रिया मॅडमनी आम्हाला घरी करायचे ताण शिकवले. गुडघा सरळ धरायचा, घोटा वर दाबायचा, मांड्या एकमेकींपासून हळूहळू दूर न्यायच्या. तनू रडायची. तिच्या रडण्यानं संदीपला बागेत काम आठवायचं आणि माझे हात ढिले पडायचे. पहिले काही आठवडे आमच्या नाकी नऊ आले.

मार्ग माईंनी काढला. आमच्या बागेत माल उतरला की गळालेले, विरळ घडांचे मणी उरतात. माई ते वाया जाऊ देत नाहीत. गच्चीवर जाळीवर सुकवून त्यांचे घरचे बेदाणे करतात आणि वर्षभर पुरवतात. एके सकाळी तनू ताणाला रडायला लागली तशा माई येऊन खाटेवर बसल्या, कमरेची चंची सोडली आणि एक बेदाणा तिच्या ओठात ठेवला.

"पाय सोड माझ्या बाय. सोडला की मणी."

तनूनं पाय सोडला. दुसरा ताण, दुसरा मणी. तेव्हापासून तो नेम झाला. चंची सुटल्याचा आवाज आला की तनूचा चेहरा फुलायचा. माईंनी माझ्या आईला काय काय ऐकवलं ते मी विसरले नव्हते, पण रोज सकाळी आपली गुडघेदुखी घेऊन खाटेवर येऊन बसणारी ती बाई बघून माझा राग निम्मा व्हायचा. उरलेला निम्मा मी जपून ठेवला होता.

सल्ले देणारे येतच होते. कोणी त्र्यंबकला जाऊन नागबळी करा म्हणायचं, कोणी अमक्या गावच्या तेलाचं सांगायचं. ज्याचं जळतं त्याला कळतं, बाकीचे उंटावरून शेळ्या हाकतात. माईंनी त्यातल्या एकालाही दारात उभं केलं नाही. "आमची पोर तिच्या आजीच्या मण्यावर उभी राहील," असं त्या सांगायच्या.

आणि ती राहिलीही. सहावं वर्ष लागलं तेव्हा तनू पॅकिंग शेडमधल्या टेबलाला धरून उभी राहू लागली. क्रेट पिकअपमध्ये चढताना बघायला तिला फार आवडायचं. "गा, गा," म्हणून ओरडायची. गावातल्या शाळेच्या बाईंनी तिला बघितलं आणि जूनपासून घेऊन या म्हणाल्या. त्या दिवशी संदीपनं सगळ्या मजुरांना जिलबी आणली.

थंडीतला महिना

मग जानेवारीत तिचे पाय पुन्हा आखडायला लागले.

नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे. बागेत पहाटे शेकोट्या पेटतात. आम्ही म्हटलं, थंडीनं आखडली. मी तिला दोन स्वेटर घातले, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकलं. पण तनू टेबलापाशी उभी राहिना. पाय पुन्हा कात्रीसारखे व्हायला लागले, हातांच्या मुठी मिटलेल्या राहू लागल्या, जेवताना मान मागे ताठ जायची. ब्रश तोंडाजवळ नेला की ‘नाय’ म्हणून दात आवळून घ्यायची. मला तो हट्ट वाटला.

"लय आखडली गं पोर," माई म्हणाल्या. "ताण कमी पडत्यात."

म्हणून आम्ही ताण वाढवले. सकाळचे होते ते संध्याकाळीही करू लागलो. ताण वाढले तसे मणीही वाढले, कारण आता ती पूर्वीपेक्षा जास्त रडत होती. ती बेदाणा चघळत राहायची, गिळायलाही वेळ लावायची. आमच्या लक्षात काहीच आलं नाही.

मला भीती वाटत होती ती वेगळीच. हा आजार वाढत नाही असं मॅडम म्हणाल्या होत्या, मग हे काय चाललं होतं? त्या चुकल्या होत्या का? उभं राहणं गेलं तर उद्या बसणंही जाईल, परवा गिळणंही, असं माझं मन पुढे पुढे धावत होतं. संदीपला मी हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, "तू आधीच नको मरू." त्याच्याही आवाजात दम नव्हता. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी नीट बोललोही नाही.

दाढ

शेवटी मेंदूच्या मॅडमकडे गेलो. मी तयारी करून गेले होते, नवा एमआरआय करा असं सांगणार होते. मॅडमनी तिचे पाय तपासले, आणि मग पायांचं काहीच न बोलता भलतंच विचारायला लागल्या. शी नीट होते का? लघवीला जळजळ? कान दुखतो का? जेवण कसं आहे?

"जेवण कमी झालंय. ब्रशही करू देत नाही."

"तोंड उघडून बघितलंत?"

तनूनं तोंड उघडायला साफ नकार दिला. संदीपनं तिला धरलं, मी गाणं म्हटलं, मॅडमनी बॅटरी मारली. मागच्या दाढेखाली हिरडीवर टपोरं गळू होतं. दाढ आतून पोखरली होती.

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. "तिला कुठे दुखतंय ते सांगता येत नाही. म्हणून तिचं सगळं अंग सांगतं. शरीरात कुठेही सूज असली, दुखणं असलं, की अशा मुलांचे स्नायू आणखी आवळतात. मेंदूची इजा वाढलेली दिसत नाही. आधी हे काढू."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातली गत. आम्ही पाय चोळत बसलो होतो आणि दुखणं तोंडात होतं. मला एकाच वेळी सुटल्यासारखंही वाटलं आणि स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशीही वाटली.

आधी अँटिबायोटिक झालं, मग दातांच्या डॉक्टरांनी तिला भूल देऊन दाढ काढायचं ठरवलं. सकाळपासून उपाशी ठेवलेलं मूल, हाताला सुई, आणि ऑपरेशनच्या दारापर्यंत मला सोबत येऊ देणारी एक भली नर्स. ती म्हणाली, "आई, तुमची ओढणी द्या तिच्या हातात. वास ओळखीचा असतो." तनू ओढणी मुठीत धरून आत गेली. असल्या छोट्या मेहेरबानीवर त्या दिवशी मी तगले. बाकावर माझ्या एका बाजूला आई होती, सिन्नरहून आलेली. माई घरी होत्या. माई येणार नाहीत हे बघूनच आई आली होती.

दातांच्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सगळं ठीक आहे सांगितलं, आणि मग विचारलं, "गोड, चिकट काही खाते का ही सारखं?"

"बेदाणे," मी म्हणाले. "व्यायामाला."

"या मुलांची जीभ दात साफ करायला तेवढी फिरत नाही. चिकटलेलं तिथंच राहतं. बंद करा."

आईनं ते ऐकलं. बेदाणे कोण देतं हे तिला माहीत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "घरी जाऊन बोलू नकोस त्यांना. मी सोसलंय ते." मी हो म्हटलं नाही, कारण मला बोलायचं होतं. निम्मा राग जपून ठेवला होता तो याचसाठी, असं मला त्या क्षणी वाटलं.

चंची

दाढ निघाल्यावर तनूची मूठ आधी सुटली. मग मान सैल झाली. पाय पूर्ववत व्हायला वेळ लागला, पण एके दिवशी घरी आलेल्या प्रिया मॅडमनी तिला शेडमधल्या टेबलापाशी नेलं आणि ती लटपटत का होईना, उभी राहिली. तिनं आधी पिकअप शोधली. पिकअप बाहेर गेली होती म्हणून रागावली.

घरी चिकट काही द्यायचं नाही एवढंच संदीपनं सांगितलं होतं, कशामुळे ते नाही. पण माईंना कळायचं ते कळलं. दाढ काढल्यापासून ताणाच्या वेळी त्या खाटेवर येईनाशा झाल्या. तनू दाराकडे बघत राहायची. तनू उभी राहिली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी ताण उरकले आणि बाहेर गेले. माई ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर चंची होती, बंद.

"गौरी," त्या म्हणाल्या, "खरं सांग. माझ्या मण्यांनी झालं का ते?"

हा क्षण मी मनात कितीतरी वेळा रंगवला होता. त्यात मी व्हरांड्यातलं वाक्य शब्दन् शब्द परत करायचे. आता ते जिभेवर आलंही. पण समोर बसलेली बाई बंद चंचीची नाडी पुन्हा पुन्हा आवळत होती आणि तो चाळा मला ओळखीचा होता. चुलीपाशी बसून मी रडायचे तेव्हा मीही ओढणीचं टोक असंच पिळत बसायचे.

खोटं मात्र मला सांगायचं नव्हतं.

"हो माई. मण्यांनी दाढ किडली. दाढेला सूज आली, म्हणून पाय आखडले."

त्यांनी डोळे मिटले.

"पण तुम्ही तिला दुखावं म्हणून नाही दिले. ती रडू नये म्हणून दिले. ब्रश मीच करायचे, मलाही नाही दिसलं. आणि ते मणी नसते तर ती उभीच राहिली नसती, हेही खरं आहे."

शेडमध्ये क्रेट आदळल्याचा आवाज येत होता. आतून तनू "माई, माई," म्हणून हाका मारत होती. शेवटी त्यांनी चंची माझ्या हातात दिली.

"मंग ताप तरी कुठं कोणी मुद्दाम आणला हुता," त्या म्हणाल्या.

मी उभीच राहिले. मला वाटलं त्या आणखी काही बोलतील, पण त्या पदरानं तोंड पुसत आत गेल्या, तनूच्या खाटेवर बसल्या आणि तिचा घोटा हातात घेतला. तनूनं चंचीसाठी हात पुढे केला. चंची नव्हती, तेव्हा तिनं माईंचं नाक धरलं आणि ओढलं. तो हात इतका लांब करून तिनं आधी कधी काही धरलं नव्हतं. माईंच्या डोळ्यांत पाणी आलं, नाकामुळे की कशामुळे ते मी विचारलं नाही. आमच्याकडे आता ताणाला मणी नाही, नाक असतं.

त्याच दुपारी माई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सिन्नरला फोन लाव."

मी फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. माई फोन कानापासून थोडा लांब धरून मोठ्यानं बोलतात, त्यामुळे ओट्यावर सगळ्यांना ऐकू जातं.

"विहीणबाई, मी बोलती. पोर उभी राह्यली तुमची. यायचं बघायला. दवाखान्यात नाय, घरी यायचं."

पलीकडून काहीच आवाज येईना. फोन कट झाला असेल, किंवा आईनं ठेवून दिला असेल, असं वाटून मी हात पुढे केला.

माईंनी मान हलवली आणि फोन कानाशी तसाच धरून ठेवला.

"हाय, फोनवरच हाय," त्या मला हळूच म्हणाल्या. "रडती ती. रडू दे."